बोलावलेली आग आणि न बोलावलेली आग



दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर आपण बॉयलरचे अग्निप्रदीपन करतो. पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. ही आग आपण बोलावून आणतो. पण न बोलावता येणाऱ्या आगीची काय तयारी आहे, हे विचारायला सभेत कुणी उभं राहत नाही.

मी शेतकी खात्याचा माणूस. बेणं, लागण, खोडवा, तोडणी कार्यक्रम हा माझा विषय. तरी हे लिहितो, कारण चूक माझ्याही हातून झाली आहे. मागे एका हंगामात ऊस यार्ड भरलं, म्हणून बगॅस यार्डाच्या रस्त्यावर ट्रॉल्या लावायला मीच सांगितलं. पहाटे बगॅसच्या ढिगातून धूर निघाला. पाण्याचा बंब आला तो ट्रॉल्यांमागे अडकला. ड्रायव्हर शोधून उठवेपर्यंत जीव टांगणीला लागला. आग लहान होती म्हणून निभावलं. तो रस्ता मोकळा ठेवायचा, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

बगॅस पेटतो हे आपल्याला ठाऊक आहे. पण साखरेची धूळही पेटते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे इंपीरियल शुगर कंपनीच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी सायलोखालच्या बंदिस्त पट्ट्यात ही धूळ पेटली. त्या धक्क्याने इमारतीत साचलेली धूळ उडाली आणि स्फोटामागून स्फोट झाले. १४ कामगार दगावले, ३६ जखमी झाले. चौकशीत निघालं काय? धोका व्यवस्थापनाला अनेक वर्षं माहीत होता, झाडलोट अपुरी होती, आणि बाहेर पडण्याचा सराव कामगारांकडून करून घेतला नव्हता.

कायदा या बाबतीत मुका नाही. आग लागू नये, पसरू नये, बाहेर पडायची वाट असावी आणि ती कामगारांना माहीत असावी, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३८ नेच सांगितलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. जानेवारी म्हणजे भर गळिताचा महिना. तेव्हा नळ सोडून बघायला सवड कुणाला? कागद मात्र वेळेवर होतो.

खाजगी कारखान्यात मालकाकडे बोट दाखवता येतं. इथं कायद्यापुढं संचालक मंडळ आणि व्यवस्थापन उभं राहील; पण खर्चाला मंजुरी देणारे मालक आपणच. उसाच्या दराला आवाज चढवतो, तसा एक प्रश्न याबद्दलही विचारा.

माझं म्हणणं एवढंच. मोळी टाकण्याआधी एक दिवस सगळ्या खातेप्रमुखांनी मिळून कारखाना पायी फिरावा. काय पेटू शकतं, ठिणगी कुठून येईल, तिथं माणसं कोण, वाट कुठली, हे लिहून काढावं. बगॅस यार्ड, गंधकाची खोली, साखर गोदाम, आसवनी, काही सुटू नये. कंत्राटी कामगार, ट्रॉलीखाली झोपलेला ड्रायव्हर, पाचटाच्या कोप्यांत लेकरांसह राहणारी तोडणी टोळी, हीही त्यात धरावीत. प्रत्येक कामापुढं जबाबदार माणसाचं नाव असावं आणि तो कागद वार्षिक सभेत वाचून दाखवावा.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. यंदा त्या रस्त्यावर ट्रॉली उभी राहणार नाही. यार्ड भरलं तर तोडीच्या चिठ्ठ्या कमी निघतील आणि कुणाचा ऊस दोन दिवस उशिरा तुटेल. तो तुमचा असला, तर माझ्यावर जरूर रागवा. पण चिठ्ठी वाढवून मागू नका.

— ऊस विकास अधिकारी