पाण्याची गुणपत्रिका

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हे नाव महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपामुळे. ती आपत्ती काही क्षणांची होती. परंतु या भागातील भूमीची दुसरी एक पीडा रोजची आहे आणि तिची बातमी होत नाही. ती पीडा पाण्याची होय. काळ्या पाषाणाच्या भेगांत साठलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. अशा दुष्फेन पाण्यात डाळ नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. साहजिकच मराठवाड्यात गावोगाव ‘आरओ’चे पाणी वीस लिटरच्या जारमधून विकले जाऊ लागले.

या सोयीला आमचा विरोध नाही. दाब देऊन पाणी अर्धपार्य पटलातून पलीकडे न्यावयाचे व क्षार अलीकडेच अडवावयाचे, ही व्यस्त परासरणाची युक्ती दुष्काळी प्रदेशाला वरदानच आहे. आमची तक्रार आहे ती मोजमापाविषयी. विक्रेता खिशातील छोटे यंत्र ग्लासात बुडवितो, ‘टीडीएस’चा लहानसा आकडा दाखवितो आणि ग्राहक निश्चिंत होतो. वस्तुतः ते यंत्र पाण्याची केवळ विद्युत्‌वाहकता मोजते व तिला एका ठरावीक गुणकाने गुणून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगते. तो आकडा म्हणजे बेरीज आहे, तपशील नव्हे. केवळ एकूण गुण पाहून कोणताही शिक्षक विद्यार्थ्याला उत्तीर्ण करीत नाही. प्रत्येक विषयाचे गुण पाहतो.

पाण्याचे विषय कोणते, हे भारतीय मानक ब्यूरोने २०१२ च्या मानकात सांगितले आहे. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत; दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतील. दुष्फेनतेची मर्यादा २०० आहे व तशीच सवलत ६०० पर्यंत आहे. परंतु नायट्रेटला ४५ च्या पुढे सवलत नाही. एकूण क्षार ४०० असलेल्या पाण्यात नायट्रेट ८० असू शकते, आणि खिशातील यंत्र त्याविषयी अवाक्षर काढीत नाही. खतांतून व सांडपाण्यातून येणारे हे नायट्रेट उकळूनही जात नाही. बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती ते कमी करते. जंतूंचा पत्ता तर त्या यंत्राला मुळीच लागत नाही.

शुद्धीकरणाची दुसरी बाजूही मोजली पाहिजे. १,००० मिलिग्रॅम क्षारांच्या शंभर लिटर पाण्यातून पन्नास लिटर गोडे पाणी काढले, तर उरलेल्या पन्नास लिटरांत क्षार जवळजवळ दुप्पट होतात. हे पाणी यंत्राशेजारीच सोडले, तर ते जमिनीत मुरून पुन्हा त्याच विहिरीत उतरण्याचा संभव असतो. मग आज विकत घेतलेले गोडे पाणी उद्याच्या खारटपणाची तरतूद ठरेल.

यासाठी आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जलशुद्धीकरण केंद्रावर एक फलक असावा. त्यावर तपासणीच्या तारखेसह, पाण्याची शुद्धीकरणापूर्वीची व नंतरची दुष्फेनता, नायट्रेट, फ्लोराइड व जंतूंचा निर्णय मराठीत लिहावा. टाकाऊ पाणी किती व कोठे जाते, हेही सांगावे. याला नवी यंत्रणा नको. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतील पाच महिलांना पाणीतपासणीचे शिक्षण देण्याची योजना आहे. ग्रामपंचायतींनी केवळ हिशेब मागण्याची तयारी ठेवावी.

शहरातील वाचकांनीही हे परक्याचे दुःख समजू नये. मुळात गोड्या असलेल्या नदीच्या पाण्यावर आपण घरोघर हेच यंत्र लावतो आणि मिळालेल्या पाण्याहून अधिक पाणी मोरीत सोडून देतो. जेथे क्षार ५०० हून कमी आहेत तेथे अशा यंत्रांना मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले, ते याचसाठी. यंत्र घेण्यापूर्वी पाणी तपासून घेणे, हा शहाणपणा सास्तूरच्या शेतकऱ्याइतकाच सुशिक्षित नागरिकालाही शोभणारा आहे.