पॅकेज किती, झोप किती?

कलिन्याचे विद्यानगरी संकुल आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांत, वाहतूक मोकळी असेल तर, रिक्षाने जेमतेम काही मिनिटांचे अंतर. सांताक्रूझ परिसरातील वाणिज्य शाखेच्या मुलामुलींसमोर वर्गातून त्या काचेच्या इमारतींत पोचणे हेच ध्येय ठेवले जाते. तिथे पोचल्यावर शरीराचे काय होते, हे त्यांना क्वचितच कुणी सांगते.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात ईवाय या कंपनीत नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल दगावली. रात्री उशिरापर्यंतचे आणि सुटीच्या दिवशीचेही काम तिला पेलेना, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिले. मृत्यूचा कामाशी संबंध कंपनीने नाकारला. एकट्या मृत्यूचे कारण पत्रावरून ठरत नाही, हे खरेच. पण त्यानंतर झालेल्या तपासणीत या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे कामगार खात्याने सांगितले, ते कसे विसरायचे?

एकाबद्दल सांगता येत नाही ते समूहाबद्दल सांगता येते. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये दाखवून दिले. सलग १७ तास जागा असलेला मेंदू रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा चालतो. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांपुढे गाडी चालवणे गुन्हा आहे. त्याच अवस्थेत लोकांच्या पैशाचा ताळेबंद तपासलेला मात्र चालतो! (निवासी डॉक्टरांच्या ड्युट्या पाहता वैद्यकीय क्षेत्राने हे बोलून दाखवायला थोडी लाजच वाटायला हवी.)

सनदी लेखापालांच्या संस्थेने आर्टिकलशिपसाठी आठवड्याला ३५ तास ठरवून दिले आहेत. सकाळचे कॉलेज, मग फर्म, रात्री क्लासचा अभ्यास अशा दिनक्रमातील किती मुलांना हा आकडा ठाऊक असतो? राज्याच्या २०१७ च्या कायद्याने आठवड्याचे कमाल ४८ तास ठरवले, पण व्यवस्थापकीय पदे त्यातून वगळली. म्हणूनच बावीस वर्षांच्या पोराच्या कार्डावरही ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलेले असते. अशा पदांची यादी कार्यालयाने लावायची असते, हेही कायद्यातच आहे. कामगार कायदा अभ्यासक्रमात असेलही, पण तो दुसऱ्यांना लागू करायचा म्हणून शिकवला जातो.

पुण्याच्या घटनेनंतर ताण पेलण्याचे आंतरिक बळ मुलांना घरातून मिळायला हवे, असे अर्थमंत्री म्हणाल्या. कॉलेजांतही ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’ची व्याख्याने होतात. चार तासांच्या झोपेने चढलेला रक्तदाब प्राणायामाने भरून काढा, असा त्यांचा सूर असतो. छातीत धडधडते, तर गॅस झाला असेल. डोके दुखते, तर चहा घे. जास्त जागेल तो जास्त लायक, ही शिकवण कॉलेजच्या फेस्टपासूनच सुरू होते.

कॅम्पस मुलाखतींच्या दिवशी प्लेसमेंट कक्ष पॅकेजचे आकडे फलकावर लावतो. त्याच फलकावर आणखी दोन रकाने हवेत: गेल्या वर्षी त्या कंपनीत गेलेल्यांपैकी किती अजून तिथे आहेत, आणि ते घरी किती वाजता पोचतात. माहिती माजी विद्यार्थ्यांकडेच आहे; फोन करून विचारण्याचेच काम आहे.