पटतं, पण खासगीत

सर्ज मोस्कोविसी आणि सहकाऱ्यांचा १९६९ सालचा रंगांचा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. सहा जणांचा गट. समोर ३६ स्लाइड, सगळ्या निळ्या. सहापैकी दोघे प्रयोगकर्त्यांनी पढवलेले. ते प्रत्येक वेळी ‘हिरवा’ म्हणतात. उरलेल्या चौघांच्या उत्तरांत ८.४२ टक्के ‘हिरवा’ आले. हेच दोघे ३६ पैकी फक्त २४ वेळा ‘हिरवा’ म्हणाले, तेव्हा प्रमाण १.२५ टक्क्यांवर आले. मूठभर माणसे आपले म्हणणे न डगमगता मांडत राहिली तर समाज हलतो, हा धडा इथून निघाला. तो सगळ्यांना आवडतो.

त्याच संशोधनातली दुसरी नोंद मात्र फारशी सांगितली जात नाही. प्रयोगानंतर काही जणांची एकेकट्याने रंगपरीक्षा घेतली. निळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, याची त्यांची रेघ सरकलेली दिसली. ती अधिक सरकली होती कोणाची? गटात असताना ज्यांनी ‘हिरवा’ हा शब्द तोंडातून काढला नव्हता, त्यांची. मत बदलले होते. ते चारचौघांत कबूल मात्र झाले नव्हते.

मनात पटूनही उघड न बोलणारी ही माणसे मराठी समाजाला अनोळखी नाहीत. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, पदरमोड करून. त्यात वाचक प्रश्न विचारत. घरी, डॉक्टरांकडे, मित्रांतही विचारता येणार नाहीत असे प्रश्न. कर्वे सरळ उत्तरे देत.

१९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तो या उत्तरांवरूनच. कर्व्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद कोर्टाने मानला नाही. कर्व्यांना दंड झाला. प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर मिळाले होते. आरोपीच्या पिंजऱ्यात उत्तर देणारा एकटा होता.

कायद्याने वाचकांवर कारवाई करायला हवी होती, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्यांना त्या उत्तरांचा उपयोग झाला, त्यांतले किती जण ‘हा माणूस बरोबर सांगतो’ असे नावानिशी म्हणाले? जे म्हणाले, ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी सल्ला घेतला आणि ते शिव्या देणाऱ्यांच्या गर्दीत मुकाट उभे राहिले.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात कर्वे गेले आणि त्यांच्यामागे ‘समाजस्वास्थ्य’ही बंद पडले. विचार सरकारी धोरण झाला, तरी मासिक चालवायला दुसरा माणूस उभा राहिला नाही. कर्वे काळाच्या पुढे होते, असे आता अभिमानाने म्हटले जाते. त्यांचा काळ एवढा मागे का राहिला, हे सांगायची जबाबदारी त्यातून आपोआप टळते.

सातत्याचे कौतुक करणाऱ्यांनी त्याचा हिशेबही मांडावा. सातत्य फुकट येत नाही. नोकरी, पैसा, प्रतिष्ठा, कोर्टाच्या खेपा ही त्याची किंमत. ती मूठभर भरतात. बदललेल्या मताचा लाभ सगळे घेतात. खासगीत पटलेल्या माणसामुळे समाज पुढे सरकत असेलही, पण उघड बोलणाऱ्याची शिक्षा एका दिवसानेही कमी होत नाही.

आजही गावच्या ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत, संस्थेच्या कार्यकारिणीत कोणीतरी एकटा उभा राहून नको ते बोलतो. सभा संपल्यावर चार जण त्याला जिन्यात गाठून सांगतात, “तुमचं पटतं हो, पण उघड बोलता येत नाही.” त्या चौघांना वाटते, आपण त्याला आधार दिला. आधार द्यायचा होता तर हात सभेतच वर करायचा होता.