औषधांच्या 'जोड्या लावा' नकोत



मागच्या वर्षी माझ्या आईला नागीण झाली. फोड सुकले, पण बरगडीजवळची आग काही थांबेना. साडीचा पदर लागला तरी कळ यायची. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या, गुण येईना. शेवटी इथे नाशिकमध्येच एका डॉक्टरांनी लिग्नोकेन सलाईनमधून द्यायचं ठरवलं. आईच्या छातीला ईसीजीच्या वायरी लावल्या. तेवढ्यात माझ्या चुलत भावाने मोबाईलवर औषधाचं नाव टाकलं. "ताई, हे तर हृदयाचे ठोके बिघडतात त्याचं औषध आहे! काकूंना हार्टचा त्रास आहे आणि आपल्याला सांगत नाहीत." आई इतकी घाबरली की तशीच उठून घरी आली. त्यानंतर तीन आठवडे आम्ही दोघी रात्र रात्र जागलो.

भावाने वाचलं ते खोटं नव्हतं, बरं का. पण ते अर्धंच होतं.

दाढ काढताना दातांचे डॉक्टर हिरडीत जे बधिर करणारं इंजेक्शन देतात, ते बहुतेक वेळा हेच लिग्नोकेन. स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी 1943 साली ते तयार केलं. पुढे 1960 च्या दशकात हृदयाच्या अतिदक्षता विभागात ठोके ताळ्यावर आणायला ते सर्रास वापरलं जाऊ लागलं. दाढ, हृदय आणि नागीण, तिन्हीकडे एकच औषध कसं? मी चौथीच्या मुलांना गंगापूर धरणाच्या दारांवरून सांगते. मज्जातंतूंच्या पेशींवर सोडियम आत येण्याची बारीक दारं असतात. ती उघडली की संदेश पुढे धावतो. हृदयाच्या पेशींवरही तशीच दारं. नागिणीने किंवा मधुमेहाने नस दुखावली की तिची दारं कारण नसताना उघडत राहतात आणि मेंदूला वाटतं, भाजतंय. हे औषध ती दारं अडवतं. गंमत म्हणजे जी दारं सारखी उघडझाप करतात त्यांना जास्त अडवतं, म्हणून थोड्या मात्रेत बिघडलेली नस शांत होते आणि चांगली नस आपलं काम करत राहते.

लिग्नोकेन गिळून उपयोग नाही, यकृतातच बरंचसं संपतं. म्हणून त्याच्यासारखीच मेक्सिलेटिनची गोळी आली, तीही हृदयासाठीच. 1988 साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी मधुमेहींच्या पायांच्या आगीवर ती वापरून पाहिली. काहींना आराम पडतो, पण मळमळही होते. म्हणून ही औषधं पहिल्या फळीतली नाहीत.

आणि त्या वायरी? 1989 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ठोके सुधारायची याच गटातली दोन औषधं दिल्यावर मृत्यू उलट वाढले. हृदयावर चालणारं औषध हृदय बिघडवूही शकतं. आईचं हृदय आजारी होतं म्हणून वायरी नव्हत्या, ते आजारी पडू नये म्हणून होत्या. हे कुणी दोन मिनिटं बसून आम्हाला सांगितलं असतं तर! त्या दवाखान्यावर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच.

पण थोडा स्वतःवरही आहे. आपण वर्गात 'जोड्या लावा' देतो: ताप आणि ही गोळी, खोकला आणि ते औषध. मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं, एका आजाराला एक औषध. हीच मुलं घरी आजीला गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचून दाखवतात, मोबाईलवर शोधून देतात. मी तो प्रश्न आता बंद केलाय. त्याऐवजी विचारते, "हे औषध शरीरात कुठे जाऊन काय करतं?" उत्तर येत नसेल तर डॉक्टरांना विचारून यायचं, हाच गृहपाठ.

आईला आम्ही परत नेलं. सलाईननंतर आग निम्म्यावर आली, पूर्ण गेली नाही. आता शेजारच्या मावशी, ज्यांना खरोखर हृदयाचा त्रास आहे, मला विचारतात, "तुझ्या आईचं ते औषध माझ्या पायांच्या आगीला चालेल का गं?" मी त्यांना त्यांच्या ईसीजीची फाईल घेऊन डॉक्टरांकडे पाठवलंय.