उताऱ्यातली माणसं



दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उतारा येतो, त्याखाली आकृत्या येतात आणि शेवटी स्वमत. पात्राची स्वभाववैशिष्ट्ये विचारली की मालाडच्या कुरारपासून मालवणीपर्यंत कुठल्याही क्लासमधली मुलं ठरलेलं उत्तर लिहून मोकळी होतात: प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी. गुण मिळतात, पण उताऱ्यातला माणूस भेटतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये, अवघ्या पाच दिवसांत ते लिहून काढलं. त्यातला एक प्रसंग घराघरांत ठाऊक आहे. अंघोळ झालेला श्याम हटून बसतो, ओल्या तळव्यांना माती लागता कामा नये. आई धोंडीवर आपले ओचे पसरते, त्यावर पाय टिपून श्याम घरात जातो. मग ती सांगते, पायांना जपतोस तसं मनालाही जप. उत्तरपत्रिकेत याचं ‘सुसंस्कार करणारी माता’ होतं आणि विषय संपतो.

पण क्रम पाहा ना! आधी ती लुगडं ओलं करून घेते, हट्ट पुरवते, उपदेश त्यानंतर. पोराचं मन राखलं तरच ते आपलं ऐकेल, हे तिला न शिकवता कळलेलं आहे. शिवाय हे सांगतोय कोण? मोठा झालेला श्याम, आई गेल्यानंतर, आश्रमातल्या सोबत्यांना, रात्रीमागून रात्र. लहानपणचा तो हट्ट आता त्याला सलतो आहे. आपल्याला आई दिसते ती या सलातून.

मालवणीतल्या एका शाळेत हा प्रसंग वाचून दाखवला, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “तिच्याकडे बदलायला दुसरं लुगडं होतं का?” चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची ही लेक. कुठल्याही गाइडात हा प्रश्न सापडणार नाही. पुस्तकभर पसरलेली गरिबी तिने नेमकी त्या ओल्या ओच्यात पाहिली.

मध्यवर्ती कल्पना विचारली तरी असंच ठरलेलं उत्तर येतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) मास्तर आहे, शाळा आहे, म्हणून ‘शिक्षणाचे महत्त्व’ लिहून टाकायचं? तिथे शाळा भरू लागते, लोकांच्या श्रमातून तालीम उभी राहते. आणि दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते. हा शेवट ज्या उत्तरात नाही, ते उत्तर अपुरंच.

शिक्षकांना मी दोष देणार नाही. त्यांना पोर्शन संपवायचा असतो, पेपर तपासायचे असतात. उताऱ्यातल्या माणसाशी भेट घडवण्याचं काम घरांनी उचलायला हवं, आणि त्याला दिवाळी अंकासारखं निमित्त नाही. म्हणूनच यंदाच्या अंकात आम्ही एकाही कथेच्या माथ्यावर सारांशाची चौकट छापलेली नाही. फराळाला सगळे जमले की एक कथा मोठ्याने वाचा. पात्र कसं आहे हे मुलांना विचारू नका, ते असं का वागलं हे विचारा. मुलं जे सांगतील ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

– संपादक, मालाड