काशीचे पराडकर

काशीला गेलेला मराठी माणूस दशाश्वमेधाजवळच्या अहिल्याबाई घाटावर थांबतोच. होळकरांच्या या राणीने 1780 मध्ये विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, त्याची कृतज्ञता मनात असते. पण काशीशी असलेले आपले नाते तिथे संपत नाही. याच शहरात जन्मलेले संपादक बाबूराव विष्णू पराडकर आपल्या बोलण्यात क्वचितच येतात. ते यायला हवेत.

पराडकरांचा जन्म 16 नोव्हेंबर 1883 चा. घर मराठी, लेखणी मात्र हिंदी. मामा सखाराम गणेश देऊस्कर यांनी 'देशेर कथा' या बंगाली पुस्तकात इंग्रजांच्या आर्थिक लुटीचा हिशेब मांडला होता. तो हिंदी वाचकांपर्यंत भाच्याने पोचवला. कोलकात्यात 'हितवार्ता', 'भारतमित्र' या पत्रांत काम करताना क्रांतिकारकांशी संबंध आला आणि 1916 मध्ये अटक झाली. 1920 मध्ये सुटका झाली. त्याच वर्षी शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत 'आज' दैनिक सुरू केले आणि पराडकरांना आपले व्यासपीठ मिळाले.

1930 च्या सत्याग्रहात सरकारने वृत्तपत्रांची कोंडी केली, तेव्हा काशीत 'रणभेरी' हे गुप्त पत्र निघू लागले. त्यामागे पराडकर होते. हाती सत्तेचे पद नसताना, पुन्हा तुरुंगाची शक्यता समोर असताना, लोकांना खरी बातमी मिळालीच पाहिजे ही जबाबदारी त्यांनी आपली मानली. समाजाचे नेतृत्व याहून वेगळे काय असते?

त्यांची दृष्टीही दूरची होती. 1925 मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी इशारा दिला, की पुढे पत्रे देखणी आणि संपन्न होतील, पण भांडवलापुढे संपादकाचे स्वातंत्र्य टिकणार नाही. आज हा इशारा कोणत्याही वृत्तपत्राला परका वाटू नये.

12 जानेवारी 1955 रोजी पराडकर गेले. काशीच्या पत्रकारांनी आपल्या भवनाला त्यांचे नाव दिले. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने मराठीसाठी काय केले, एवढेच आपण विचारत राहिलो तर अशी माणसे निसटतात. ज्या गावात राहिला, तिथल्या लोकांच्या संकटात तो कुठे उभा होता, हेही विचारायला हवे. आपल्या वृत्तपत्रविद्या विभागांनी टिळक-आगरकरांच्या शेजारी पराडकरांचा अभ्यास ठेवावा. ही सुरुवात अवघड नाही.