गवयाच्या माथ्यावरचा फलक

आमच्या सीमाभागात गाण्याला तोटा नाही. गणेशोत्सवापासून तुकाराम बीजेपर्यंत कुठे ना कुठे सतरंजी अंथरलेली असतेच. मठात भजन असते, गल्लीच्या मंडळात नाट्यसंगीत असते, संगीतवर्गाची गुरुपौर्णिमा असते, कुणा दिवंगत बुवांची पुण्यतिथी असते. तोटा आहे तो या गाण्याच्या खुणांचा. कार्यक्रम संपला, सतरंज्या गुंडाळल्या, चहाचे कप गोळा झाले, की मागे उरतो मंडळाच्या कपाटातला एक अल्बम. तो उघडून पाहावा. समई पेटवणारे प्रमुख पाहुणे, नारळ घेणारे प्रमुख पाहुणे, दोन शब्द बोलणारे प्रमुख पाहुणे, आणि शेवटच्या पानावर दूर कुठे तरी, फुलांच्या परडीआड, गाणारी बाई. तिच्या साथीला कोण होते हे अल्बमावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

या अल्बमाविरुद्ध मला आज तक्रार गुदरायची आहे. ती करण्याचा माझा अधिकार एवढाच, की गेली तीस-बत्तीस वर्षे मी कॅमेरा गळ्यात अडकवून या बैठकींना जातो. पेशाने हायस्कूलचा मुख्याध्यापक. मराठी घेऊन एम. ए. झालो, गाणे शिकलो नाही, ऐकत मात्र आलो. फोटोपायी आजवर एक पैसा मिळवला नाही, गमावले किती याचा हिशेब सौभाग्यवती ठेवतात.

हौशी माणसाचा हा उद्योग बाहेरून वाटतो तेवढा रंगेल नसतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की जेवून बस धरायची, मैफलीच्या गावी दिवेलागणीपूर्वी पोहोचायचे आणि दिवे कुठून पडणार हे पाहून जागा धरायची. पूर्वी छत्तीस फोटोंचा एक रोल असे. उटीच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ मिळाली तर ती, नाहीतर पूर्व जर्मनीची ‘ओरवो’. दिव्यांचा उजेड अपुरा, आणि फ्लॅश उडवणे हा माझ्या मते गाण्याचा अपमान. म्हणून चारशेची फिल्म आठशेची समजून वापरायची आणि धुताना तेवढी जास्त वेळ ठेवायची. न्हाणीघराला काळे कापड लावून तांबड्या बल्बखाली कागदावर चेहरा उमटू लागला की बाहेरून दारावर थाप पडे, ‘‘अहो, मुलांच्या आंघोळी व्हायच्यात!’’ तो उटीचा कारखाना बंद पडला, ओरवोही बाजारातून गेली. आता रात्री बारा वाजता घरी येऊन तीनशे फोटो संगणकात उतरवतो, त्यातले पंधरा ठेवतो, आणि ज्यांची प्रत काढतो तिच्या पाठीमागे तारीख, गाव, राग आणि बैठकीतल्या प्रत्येकाचे नाव लिहितो. नावे देवनागरीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही लिप्यांत. हे दोन्ही लिप्यांत कशासाठी, ते पुढे येईल.

‘फोटो काढणारा गाणे ऐकतच नाही’ असा एक आक्षेप जाणकार मंडळी घेतात. त्यांनी एकदा स्वतः फोटो काढून पाहावा. सम आली आणि तुम्ही बटण दाबले, तर फोटोत सम येत नाही. ती उलटून गेलेली असते. गवयाचा हात खाली आलेला, तबलजीची मान हलून झालेली, सभागृहाची वाहवा ओसरू लागलेली. बोट समेच्या निमिषभर आधी हलावे लागते, आणि त्यासाठी तीनतालाच्या तेराव्या मात्रेपासून मनातल्या मनात मोजत यावे लागते. विलंबित एकताल असेल तर अंगठ्याला घाम फुटतो. रागाच्या पहिल्या आलापीत तर मी बटणाला हातच लावत नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या आरशाचा ‘खट्’ आवाज षड्जाशी जुळत नाही, हे कळायला संगीत विशारद व्हावे लागत नाही. हे पथ्य न पाळणारे आमचे भाईबंद आहेत, मशिनगन चालवल्यासारखे फोटो काढतात. त्यांना दाराबाहेर बसवले तर माझी हरकत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. त्याचे नाव फ्लेक्स.

पूर्वी रंगमंचाच्या मागे साधा पडदा असे, फार तर निळ्या कापडावर थर्माकोलची अक्षरे. आता वीस फुटी फ्लेक्स असतो. त्यावर आमदार, माजी आमदार, होऊ घातलेले आमदार, सोन्याचांदीचे दुकान, सोसायटीचे चेअरमन, आणि कोपऱ्यात, पासपोर्टाच्या मापाचे, आजचे गायक. गायक जमिनीवर बसणार आणि फोटो काढणाराही खालीच बसणार. त्यामुळे कुठूनही पाहिले तरी गवयाच्या मस्तकावर कोणीतरी हात जोडून उभा. तार षड्जावर डोळे मिटलेली गायिका आणि तिच्या कानाशी ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’! (हा अतिशयोक्ती अलंकार नव्हे. एका मंडळाने खर्च वाचवण्यासाठी आदल्या रात्रीचा फ्लेक्स तसाच ठेवला होता.) त्यात भर म्हणून जांभळे-हिरवे एलईडी दिवे. सत्तरीतले बुवा मारवा गात असताना त्यांचे गाल हिरवे दिसतात. मारव्याला संध्याकाळ लागते. ही कसली संध्याकाळ?

त्या फलकावर कन्नड किती आणि मराठी किती, कोणती अक्षरे वर आणि कोणती खाली, यावरून आमच्या भागात काय काय होते ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्या प्रश्नावर मी तटस्थ नाही. मराठी शाळेचा मुख्याध्यापक तटस्थ राहील कसा? परंतु अक्षरांच्या उंचीसाठी टेप घेऊन धावणाऱ्या दोन्ही बाजूंच्या एकाही कार्यकर्त्याला, त्याच फलकाने आपला गवई झाकला आहे, हे दिसत नाही याचे मला नवल वाटते. आणि गवई तर दोघांचाही आहे. कुमार गंधर्व १९२४ साली इथे सुळेभावीला जन्मले, नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ. गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, गदगचे भीमसेन जोशी यांची घरची भाषा कन्नड, आणि त्यांना डोक्यावर घेणारा श्रोता निम्मा मराठी. खुद्द सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि गाजले मराठी रंगभूमीवर. हा वारसा वाटून घेता येत नाही.

आमच्या शाळेच्या संगीताच्या खोलीत या थोरांच्या चार तसबिरी आहेत. चारही फोटो पुण्या-मुंबईच्या मैफलींत निघालेले. पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, आणि सतीश पाकणीकरांसारखा छायाचित्रकार चार दशके त्या स्वरमंचासमोर ठाण मांडून बसला, म्हणून तिथले गाणे डोळ्यांनाही उरले. आम्ही माणसे दिली, फोटो दुसऱ्यांनी जपले. इथल्या मातीत बसून हीच माणसे गायली, तेव्हाचे आमच्याकडे काय आहे? प्रमुख पाहुणे.

थोरांचे एक वेळ निभावते. त्यांचे फोटो कुठे ना कुठे निघतातच. साथीदारांचे काय? बेळगावच्या रामभाऊ विजापुऱ्यांनी (१९१७–२०१०) उभा जन्म पेटीवर घालवला, मोठमोठ्यांना साथ केली, शिष्य तयार केले, म्हणून त्यांचे नाव टिकले. तालुक्याच्या गावी तीस वर्षे ठेका धरणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. चार वर्षांपूर्वी असे एक तबलजी गेले. त्यांचे नाव मी लिहीत नाही, घरच्यांना आवडायचे नाही. दहाव्याच्या आदल्या दिवशी मुलगा माझ्या दारात आला. ‘‘सर, बाबांचा वाजवतानाचा फोटो हाय काय हो तुमच्याकडं? मंडळात बघून आलो. सगळीकडं बाबांचा नुसता हातच आलाय.’’ ज्या मंडळात त्यांनी हयात घालवली त्याच्या सात अल्बमांत त्यांचा उजवा हात तीनदा आणि डग्गा दोनदा. चेहरा एकदाही नाही, कारण चेहऱ्याच्या जागी दर वेळी शाल पांघरणारा कोणीतरी उभा!

माझ्याकडे त्यांचे अकरा फोटो निघाले. एकात ते गवयाकडे पाहून हसताहेत, तिहाई जमल्यावर वादक हसतो तसे. तो घरात लागला. त्यांचा नातू कन्नड माध्यमात शिकतो. त्याने फोटो उलटा केला आणि आजोबांचे नाव, गावाचे नाव मोठ्याने वाचले. देवनागरी त्याला लागत नव्हती.

‘‘आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, फोटोंना काय तोटा?’’ असे संयोजक म्हणतात. तोटा फोटोंचा नाहीच. त्या मोबाइलमधले फोटो रात्री शंभर जणांना जातात, जाताना बारीक होऊन जातात, आठवड्याने जागा भरली म्हणून पुसले जातात, आणि कुणाच्याही खाली कुणाचे नाव नसते. शिवाय पुढल्या रांगेतून हात उंचावून अख्खा ख्याल चित्रित करणाऱ्या रसिकाने हेही ध्यानात घ्यावे, की १९९४ च्या दुरुस्तीपासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपल्या सादरीकरणावर कायद्याने हक्क आहे. न विचारता चित्रित करू नका म्हणणारा कलावंत तऱ्हेवाईक नसतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे. हौसेने, कुणाकडून मोबदला न घेता काढलेल्या छायाचित्राचा मालक ते काढणाराच असतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसे म्हणतो, आणि आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा हक्कही देतो. आमच्याकडे रीत अशी, की ‘‘सर, फोटो पाठवा की जरा’’ म्हणून मागून न्यायचे आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवर, स्मरणिकेवर, फ्लेक्सवर बिनदिक्कत छापायचे. खाली नाव द्यायला जागा पुरत नाही; जागा चेअरमननी व्यापलेली असते. एका संस्थेने माझ्याच फोटोखाली ‘सौजन्य’ म्हणून मंडपवाल्याचे नाव छापले. मी विचारले तर उत्तर मिळाले, ‘‘त्यांनी मंडप फुकट दिला, सर.’’ फोटोही फुकटच दिला होता. पण तंबूचे भाडे सर्वांना ठाऊक असते, आणि फुकट मिळालेल्या फोटोची किंमत कुणी विचारत नाही. मला पैसे नकोत. नाव हवे, आणि माझ्या नावाच्या आधी तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीचे हवे.

छायाचित्रकाराला धक्के मारून बाजूला करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतली एक विद्यार्थिनी झाकीर हुसेन यांचे फोटो काढायला मैफलीला गेली होती. संयोजकांपैकी कुणीतरी तिला ढकलले आणि ती पडली. झाकीरभाईंनी मात्र तिला आपले फोटो काढू दिले. ती पुढे सहा हिवाळे त्यांच्या दौऱ्यांतून हिंडली, आणि १९८६ मध्ये त्यांच्यावरचे तिचे छायाचित्रांचे पुस्तक निघाले. तिचे नाव दयानिता सिंग. २०२२ मध्ये तिला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, छायाचित्रणात याहून मोठे पुरस्कार फार नाहीत. झाकीरभाई २०२४ च्या डिसेंबरात गेले. ते तरुणपणी कसे हसत, कसे दमत, प्रवासात कसे झोपत, हे आज त्या पुस्तकात आहे. ढकलणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही.

मागणे फार मोठे नाही. फ्लेक्स प्रवेशद्वारावर लावा, हवा तेवढा उंच लावा. गवयाच्या मागे गडद रंगाचा साधा पडदा टाका. दिवे पिवळसर ठेवा. एका अंगाला भिंतीशी दोन माणसांपुरती जागा छायाचित्रकारांना द्या आणि तिथून त्यांना हलू देऊ नका. सत्कार मध्यंतरात उरका, म्हणजे गाताना कोणी शाल घेऊन पुढ्यात उभा राहणार नाही. आणि दर वर्षी दहा फोटो, फक्त दहा, नावानिशी दोन्ही लिप्यांत लिहून गावच्या वाचनालयात ठेवा. त्यांत पाहुण्यांचा एक चालेल.

हे सारे मी यंदा तीन मंडळांना लेखी कळवले. एकाने पोच दिली. दुसऱ्याने कार्यकारिणीत विषय ठेवतो म्हणून सांगितले. तिसऱ्याने कार्तिकातल्या बैठकीला काळा पडदा लावायचे कबूल केले आहे. मात्र पडद्याच्या वरच्या कडेला प्रायोजकांची छोटीशी पट्टी असावी असा खजिनदारांचा आग्रह आहे. छोटीशी म्हणजे किती फुटी, ते येत्या रविवारी ठरायचे आहे.